घरातलं काम मुलांवर सोपवलं, पण आजी ते आधीच उरकून टाकतात

पळसफूल

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. घरची शेती आहे, कापूस-तूर आणि थोडा हरभरा. दोन गायी, खुराडंभर कोंबड्या. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, दोघंही गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात.

दिवाळी झाल्यावर मी दोघांकडे एकेक काम कायमचं सोपवलं. मुलीकडे पिण्याचं पाणी. माठ विसळायचा, फडक्यातून गाळून पाणी भरायचं, झाकणी ठेवायची, ओगराळं जागेवर लावायचं. मुलाकडे कोंबड्या. सकाळी खुराडं उघडायचं, कण्या टाकायच्या, पाण्याचं भांडं धुऊन भरायचं, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या.

माझं मत आधीच सांगते. "जरा हे आण, जरा ते दे" एवढ्यानं मुलांना जबाबदारी कळत नाही. काय करायचं, कधी करायचं, झालं की नाही, हे सगळं लक्षात ठेवणारी शेवटी आईच असते. काम लहान असलं तरी चालेल, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ते त्या मुलाचं असावं. आणि नाही झालं तर घरात सगळ्यांना समजावं.

आता अडचण. सासूबाई पहाटेच उठतात आणि नात उठायच्या आत माठ भरून मोकळ्या होतात. "थंडीत लेकराचे हात गारठतात" म्हणतात. नात उठते, झाकणी उचलून बघते, भरलेला दिसला की परत गोधडीत. सासूबाईंची माया मला कळते, त्यांना दुखवायचंही नाही. पण अशानं ते काम मुलीचं राहिलंच नाही.

दुसरं, मुलगा विसरतो. तेव्हा मी करून टाकू की तसंच राहू देऊ? आणि माझ्या जाऊबाई पोरांना कामागणिक पाच रुपये देतात. ते बरोबर आहे का? आपापले अनुभव सांगा.

वऱ्हाडी_गडी

पैशाच्या भानगडीत पडूच नोका ताई. माह्या पुतण्याले दुकानातून सामान आन्याचे पैसे देत जायचे घरचे. आता पाव्हणे आले न् म्हटलं बाबू पाणी आन, तर पाव्हण्याइसमोर इचारते, "किती देसान?"

खामगाववाली

हसून हसून पुरेवाट झाली. आमच्याकडे थोडं वेगळं आहे. रोजच्या कामाला पैसे नाहीत. जेवलेलं ताट उचलायला कसले पैसे, ताट त्याचंच आहे. पण रद्दी बांधणं, भंगारवाल्याला देणं हे पोरांनी अंगावर घेतलं, तर येतील ते पैसे त्यांचे. वजनकाट्यापाशी उभं राहून नीट बघायचं, हिशेब मांडायचा. भंगारवाले काका ओळखतात आता त्यांना.

अकोट_ते_पुणे

माझं बालपण अकोट तालुक्यात गेलं. नळ कितीतरी दिवसांआड यायचा आणि नळाचं काम माझं होतं. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटायची, सूं करून, ती ऐकू आली की कुठं असू तिथून पळत यायचं. आधी थोडं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग पिण्याचे गुंड, मग वापराची टाकी. हा क्रम चुकला तर पुढचे सगळे दिवस घराला भोगावं लागायचं. कुणी मला जबाबदारीवर भाषण दिलं नाही. पाणी संपलं की कळायचंच.

आता पुण्यात फ्लॅटमध्ये मुलाला काय काम द्यावं हेच कळत नाही. नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की उजेड. काम आहे, पण ते नाही झालं तर काही अडत नाही, आणि मुलांना ते बरोबर कळतं. सध्या डबा स्वतः घासणं आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या एवढ्यावर आलो आहोत. डबा नाही घासला तर दुसऱ्या दिवशी तोच डबा. हे मात्र लागू पडलं.

खडू_फळा

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. धागा चांगला आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण इथं माठ आणि कोंबड्यांबद्दल बोलतोय. वेचणी सुरू झाली की माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. पोरगा आईबापासोबत वावरात, आणि सहावीतली पोरगी घरी, कारण धाकट्या भावाला बघायला कुणी नाही. विचारलं तर पालक म्हणतात, "सर, कामाची सवय लागते."

मला तुमच्या घरातल्या माठाबद्दल काही म्हणायचं नाही, पळसफूल ताई. ते काम उत्तमच आहे. पण गावात "सवय लागते" हे वाक्य कशाकशाला वापरलं जातं ते मी रोज हजेरीपटावर बघतो. काम करून मूल वेळेवर, पोटभर जेवून, झोप पूर्ण होऊन शाळेत आलं तर ते संस्काराचं काम. नाही आलं तर मजुरी. घरची असली तरी.

काळी_कसदार

गुरुजी, तुमचं पटते, पण पूर्ण नाई. वेचणीले बाया भेटत नाई, किलोमागं भाव वाढून राह्यला, न् कापूस झाडावर लोंबून राह्यला. रविवारी पोट्टा आला वावरात, दोन तास वेचला त का मजूर झाला? मी पण तसाच शिकलो. वावर काय असते हे त्याले कवा समजन मंग?

खडू_फळा

काळी_कसदार भाऊ, रविवारच्या दोन तासांबद्दल माझी तक्रार नाही. कायदाही तेवढी मोकळीक देतो. बालकामगारांचा १९८६ चा कायदा २०१६ साली बदलला. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत स्वतःच्या घरच्यांना मदत करायला नाही. अटी दोनच, काम धोक्याचं नको आणि शाळा बुडायला नको. सोमवार ते शनिवार पोरगा माझ्याकडे पाठवा, रविवारी खुशाल न्या.

पण फवारणी चालू असेल त्या वावरात नेऊ नका. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती घरं मला माहीत आहेत. पंप धुणं, फवारणीचे कपडे भिजवणं, औषधाचे रिकामे डबे गोळा करणं, यातलं काहीच मुलांना सांगायचं नाही. तो डबा धुऊन त्यात पाणी भरून ठेवलेलंही मी पाहिलं आहे. कितीही धुतला तरी तो घरात नको.

काळी_कसदार

डब्याचं खरं बोलले. आमच्या घरी ते डबे मी सोता फोडून टाकतो, पोट्टे खेळाले नेतात म्हणून. बाकीचं मी घरी बोलतो.

चांदा_ताई

मी चंद्रपूर जिल्ह्यात आशा सेविका आहे. कोंबड्यांचं काम लहान मुलाकडे आहे म्हणून दोन शब्द. संध्याकाळी खुराड्यात हात घालायच्या आधी बॅटरी मारून बघायची सवय लावा. अंड्यांसाठी आणि उंदरांमागे साप खुराड्याशी येतात. मोजणी अंधार पडायच्या आत व्हायला हवी. पऱ्हाटीच्या ढिगातून, सरपणातून काटक्या काढायला तर लहान मुलांना पाठवूच नका, तिथं विंचू असतात, मण्यार आणि घोणसही असते. पायात चप्पल हवीच. आणि समजा काही चावलंच तर मंत्र-तंत्र, आवळून बांधणं, कापणं काही नाही, सरळ सरकारी दवाखान्यात.

आणि खुराडं झाडून झालं की साबणानं हात. तेही त्याच कामात धरा. हात धुतल्याशिवाय काम झालं असं म्हणायचंच नाही.

पळसफूल

चांदा_ताई, बॅटरीचं आजपासूनच. मोजणी आता दिवेलागणीच्या आधी.

रोखठोक_वाशीम

मला वेगळाच प्रश्न पडला. पाणी मुलीकडे आणि कोंबड्या मुलाकडे, हे कुणी ठरवलं? आज नऊ वर्षांची पोरगी पिण्याचं पाणी भरते, उद्या तिच्याकडे वापराचं पाणी येईल, परवा धुणं येईल. मुलांची कामं वाढत्या वयाबरोबर गळत जातात, मुलींची साठत जातात. पोरगा दहावीत गेला की त्याला अभ्यास. पोरगी दहावीत गेली की तिला अभ्यास आणि पोळ्या.

पळसफूल

विचारलंत ते बरं केलंत. कामं मुलांनी निवडली, मी चार कामं समोर ठेवली होती. पण मुलीनं पाणीच का निवडलं, तर तिनं घरात पाणी भरताना कुठल्याही पुरुषाला पाहिलेलं नाही, हेही खरं. संक्रांत झाली की अदलाबदल करणार आहे. आणि त्यांच्या बाबांकडेही आता एक काम कायमचं दिलं आहे, रात्रीची भांडी. ते घासतात, मुलगा विसळतो.

वऱ्हाडी_गडी

बाप्पा! हे माह्या बायकोले दाखवू नोका.

खामगाववाली

दाखवून झालं असेल भाऊ. तुमची आयडी तीच ना, जी तुमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे?

सेवाग्रामजवळचा

वर्ध्याचा विषय निघाला म्हणून. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यालाच शिक्षण परिषद बोलावली होती, 'नई तालीम', म्हणजे हातकामातून शिक्षण, तिथून पुढे आली. आर्यनायकम दांपत्यानं सेवाग्रामला त्या पद्धतीची शाळा चालवली. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई ही तिथं अभ्यासाच्या मधली कामं नव्हती, अभ्यासच त्यातून चालायचा. आजही तिथं आनंद निकेतन शाळेत मुलं बागेत आणि स्वयंपाकघरात काम करतात.

मी हे इतिहास सांगायला लिहीत नाही. पळसफूल ताईंच्या कोंबड्यांत पहिलीचं अख्खं गणित आहे, तेवढंच लक्षात आणून द्यायचं होतं. किती कोंबड्या, किती अंडी, कुठली खुडूक बसली, पिल्लं निघायला एकवीस दिवस. कॅलेंडरवर त्यालाच खुणा करू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं स्वतः काढलेली खूण असली की तो रोज तिकडे बघणारच, आठवण करून द्यायला तुम्ही लागणार नाही.

देवरीकर

आमच्या गोंदियाकडे मार्च-एप्रिलात मोहफुलं गळतात. पहाटे आई निघाली की आम्हीही मागं, प्रत्येकाची आपली टोपली. माझी टोपली लहान होती, पण ती भरल्याशिवाय मी परत फिरत नसे. आईनं कधी माझ्या टोपलीत तिची फुलं टाकली नाहीत. मला वाटतं या धाग्यातला सगळा मुद्दा तोच आहे. मोठ्यांनी आपली फुलं पोराच्या टोपलीत टाकायची नाहीत.

मोर्शीची_आजी

नातू लिहून देतो आहे, मी सांगते आहे.

सूनबाई, मी तुमच्या सासूबाईंच्याच वयाची असेन, म्हणून त्यांच्या बाजूनं बोलते. आमचं वावरात जाणं गुडघ्यांनी बंद केलं. धुणं मशीनमध्ये गेलं. दळण चक्कीवर गेलं. पहाटे चारला डोळा उघडतो, घर झोपलेलं असतं, आणि उजाडेपर्यंत पडून राहणं फार जड जातं. आपला हात लागल्याशिवाय अडेल असं काम घरात एकेक करून कमी होत जातं. तुमच्या सासूबाईंचं राहिलेलं काम तो माठ असेल. तो तुम्ही नातीला दिलात. त्यांना विचारलं होतं का? रागावू नका, विचारते फक्त.

त्यांची माया आडवी येते असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्यांनाही त्यांचं काम हवं आहे. मग दोघींचं जमवा. पहाटेचं काहीतरी त्यांचंच राहू द्या, देवाचं पाणी, फुलं, चूल पेटवणं. माठ नातीनं संध्याकाळी शाळेतून आल्यावर भरायचा. थंडीत हात गारठायचाही प्रश्न नाही, आणि रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी छान गार होतं. तुम्ही पहाट धरून बसलात म्हणून भांडण आहे, संध्याकाळी भांडणच नाही.

आणि शिकवायचं काम सासूबाईंना द्या. माठ आतून घासायचा कसा हे तुम्हालाही त्यांनीच शिकवलं असेल. साबण लावायचा नाही, माठ वास धरून ठेवतो. नारळाचा काथ्या आणि साधं पाणी, मग उन्हात उपडा. फडकं रोज धुऊन वाळत घालायचं. हे आजीनं नातीला दाखवावं, मग रोज संध्याकाळी नातीनं आजीला सांगावं, "आजी, झाला माठ." जिला सांगायचं तीच आधी करून ठेवणार नाही.

वऱ्हाडी_गडी

आजी, पाया पडतो.

पळसफूल

आजी, नमस्कार. तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मोर्शीची कोन हाय थे? तिचं पटते मले."

खामगाववाली

हा धागा सार्थकी लागला. विषयांतर करू का? थंडी आहे, तुरीच्या शेंगा आल्यात, लहान मुलांना सोले काढायला बसवा. याहून चांगलं काम मला माहीत नाही. सुरी नाही, विस्तव नाही, सांडलं तरी झाडून घेता येतं. माझी धाकटी पाच वर्षांची आहे. शेंगेच्या शिवणीवर अंगठ्याचं नख टेकवते, जीभ बाहेर, जरा दाबलं की शेंग उघडते, आणि चार-पाच हिरवे दाणे रांगेत दिसले की प्रत्येक वेळी तेवढीच खूश. रात्री सोलेभात झाला की सगळ्यांना सांगते, "हे मी काढले." त्यातले निम्मे खरंच तिनं काढलेले असतात.

काळी_कसदार

न् अळी निंघाली का?

खामगाववाली

निघतेच. आधी किंचाळायची, आता वाटीत वेगळी काढून ठेवते. पळसफूल ताईंच्या कोंबड्यांना पाठवते.

पळसफूल

पाठवा पाठवा, कोंबड्यांची सोय होईल.

रोखठोक_वाशीम

सोलेभात झाला, आजी झाल्या, पण ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच की. मुलगा विसरला तर काय करायचं?

सेवाग्रामजवळचा

मी दोन प्रकार वेगळे धरतो. माठ रिकामा राहिला तर राहू द्यावा. कुणी बोलायचं नाही, रागवायचं नाही, जेवताना सगळ्यांनी उठून टाकीवरून पाणी घ्यायचं. पण कोंबडीला उपाशी ठेवून पोराला धडा द्यायचा नाही. तिची काही चूक नाही.

म्हणून जित्राबाच्या कामावर मोठ्यांची नजर हवीच. पण आपण गुपचूप दाणे टाकून मोकळं व्हायचं नाही. तो खेळायला गेला असेल तर तिथून बोलावून आणायचं, आणि त्याच्याच हातून टाकून घ्यायचं. खेळ अर्धवट सुटला हे त्याला पुरे. वर बोलणी नकोत.

खडू_फळा

सहमत. आणि काम वेळेला बांधू नका, एखाद्या गोष्टीला बांधा. पहिलीच्या मुलाला "सात वाजता" कळत नाही. "खुराडं उघडल्याशिवाय चहा-पोळी नाही" हे कळतं. शाळेत मी हेच करतो. दप्तर ठेवलं की आधी आपल्या रांगेतल्या कुंडीला पाणी, मग जागेवर बसायचं.

सफाईचंही सांगतो. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या दिवशी शाळा झाडायची असं सगळीकडे असतं. बाबा आमच्या विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आमच्याकडे त्या दिवशी पहिला खराटा मी घेतो, मग मुलगे, मग मुली. आधी हा क्रम उलटा असायचा. बाबा गावात आले की स्वतः झाडायला लागायचे, नंतर कीर्तन. शिक्षकानं खुर्चीत बसून मुलांकडून अंगण झाडून घेतलं तर मुलं एवढंच शिकतात की मोठं झालं की झाडावं लागत नाही.

अकोट_ते_पुणे

गुरुजी, शेवटचं वाक्य घरालाही लागू आहे. मुलाला घड्या घालायला सांगून मी मोबाइल बघत बसतो तेव्हा तो माझ्याकडेच बघत असतो. आता दोघं मिळून घालतो, त्याच्या चादरी, माझे शर्ट.

नवी_आई_पुसद

सगळा धागा वाचला, खूप उपयोग झाला. माझा मुलगा जेमतेम तीन वर्षांचा आहे. त्याला माठ नाही जमणार, कोंबड्या आमच्याकडे नाहीत. सारखा माझ्या मागे मागे फिरतो आणि झाडायला घेतलं की फडा हिसकावतो. त्याला काय देऊ?

मोर्शीची_आजी

हिसकावतो तर फडाच द्या. दुकानात लहान मिळतो, नाही तर जुना कापून अर्धा करा. त्याची जागा ठरवून द्या, उंबऱ्यापासून पायरीपर्यंत. कचरा इकडचा तिकडे करेल, करू द्या, त्याच्यासमोर परत झाडू नका. त्याला बाहेर नेऊन मग झाडा.

खामगाववाली

आणि चपला. आमच्याकडे तीन वर्षांपासून दारातल्या चपला जोडीनं लावायचं काम धाकटीकडे होतं. पाहुणे आले की तिला फार महत्त्वाचं काम असायचं, आणि निघताना कुणाची कुठली ते तीच सांगायची.

नवी_आई_पुसद

चपला आवडतील त्याला. उद्या आमच्याकडे भजनी मंडळ आहे, बरीच मंडळी येतील. उद्यापासूनच लावते.